मित्राबरोबर उंची इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंची इटालियन रेस्टॉरंटमध्ये दोघांनी जेवायला जायचे ठरले की आनंदाबरोबर थोडी धास्तीही वाटते. मेन्यूवरचे शब्द अनोळखी असतात, खर्चाचा नीट अंदाज येत नाही आणि समोर कितीही जवळची व्यक्ती असली तरी काही गोष्टी विचारायला संकोच होतो. माझी एक जुनी मैत्रीण आणि मी गेली कित्येक वर्षे वर्षातून एकदा अशा जेवणाला जातो. सुरुवातीला आमच्या हातून झालेल्या चुका आणि पुढे विचारून, वाचून समजलेल्या गोष्टी या उत्तरांत आल्या आहेत. उत्तरे लिहिताना एकच कसोटी ठेवली आहे: एकदा टेबलावर बसल्यानंतर दोघांचे लक्ष एकमेकांच्या बोलण्याकडे राहावे आणि त्यासाठी अवघड वाटणाऱ्या गोष्टी आधीच मिटलेल्या असाव्यात.

जाण्यापूर्वी सर्वांत आधी काय ठरवावे?

पैसे कोण देणार, हे ठरवावे. हा विषय बिल येईपर्यंत लांबवला तर संपूर्ण जेवणभर दोघांच्याही मनात तो घोळत राहतो; ज्याची ऐपत थोडी कमी आहे तो मेन्यूवरची उजवी बाजू आधी वाचतो आणि आवडीचा पदार्थ सोडून स्वस्तातला मागवतो. 'या वेळी मी बोलावतो आहे, बिल माझ्याकडे' किंवा 'आपण अर्धे-अर्धे देऊ' असे एक वाक्य बेत ठरतानाच बोलून टाकले की हा ताण उरत नाही. स्वतःच्या खर्चाला मर्यादा असेल तर तीही मोकळेपणाने सांगावी. जवळच्या मित्राला हे सांगण्यात कमीपणा काहीच नाही, आणि ते त्याला आधी कळले तर रेस्टॉरंट निवडतानाच तो त्याचा विचार करू शकतो. बहुतेक चांगली रेस्टॉरंटे आपला मेन्यू किमतींसह संकेतस्थळावर ठेवतात. तो दोघांनी घरी बसून एकदा वाचावा.

टेबल बुक करताना नाव आणि वेळ सांगणे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही. खाण्याची पथ्ये, ॲलर्जी आणि बसण्याच्या जागेबद्दलची इच्छा या तीन गोष्टी त्याच वेळी सांगाव्यात. स्वयंपाकघराला एक दिवस आधी माहिती मिळाली तर शेफ वेगळा स्टॉक, म्हणजे भाज्या किंवा हाडे उकळून काढलेला रस, करून ठेवू शकतो किंवा एखाद्या पदार्थाची तयारी बदलू शकतो. ऐन गर्दीच्या वेळी टेबलावरून आलेली तीच विनंती अनेकदा पूर्ण करता येत नाही. दोघांना निवांत बोलायचे असेल तर स्वयंपाकघराच्या दारापासून आणि प्रवेशद्वारापासून दूरची, शक्यतो भिंतीलगतची जागा मागावी. टेबल किती वेळासाठी दिले जाते, हेही विचारून घ्यावे. काही ठिकाणी दोन तासांनंतर तेच टेबल दुसऱ्या पाहुण्यांना दिलेले असते, आणि गप्पा रंगात आलेल्या असताना उठावे लागले तर जेवणाचा सगळा आनंद ओसरतो. बेत रद्द झाला तर लगेच कळवावे. लहान रेस्टॉरंटमध्ये एक रिकामे टेबलही मोठे नुकसान करते.

मेन्यूवर 'अंतिपास्ती', 'प्रीमी', 'सेकोंदी' अशी शीर्षके असतात. प्रत्येकातून काहीतरी मागवलेच पाहिजे का?

नाही, आणि दोघांच्या जेवणात तसे करणे बहुधा शहाणपणाचेही ठरत नाही. ही शीर्षके म्हणजे इटालियन जेवणाचा क्रम आहे; ती अनेकवचनी आहेत, खाली त्यांची एकवचने वापरली आहेत. 'अंतिपास्तो' म्हणजे जेवणापूर्वीचे हलके पदार्थ: मुरवलेले मांस, चीज, भाज्या, भाजलेल्या पावावरचे टोमॅटो. 'प्रीमो' म्हणजे पहिला मुख्य टप्पा. त्यात पास्ता, रिसोत्तो (स्टॉकमध्ये शिजवलेला मऊसर भात), न्योक्की (बहुधा बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे) किंवा सूप येते. 'सेकोंदो' म्हणजे दुसरा टप्पा, मांसाचा किंवा माशाचा. 'कोंतोर्नो' म्हणजे सेकोंदोसोबतची भाजी किंवा सॅलड, जे वेगळे मागवावे लागते. मांसाचा पदार्थ ताटात एकटाच आला म्हणून अनेकजण गोंधळतात, त्याचे कारण हेच. शेवटी 'दोल्चे', म्हणजे गोड पदार्थ, आणि त्यानंतर कॉफी.

या रचनेत पास्ता हा संपूर्ण जेवणाचा एक भाग असतो, त्यामुळे त्याचे प्रमाण बेताचे असते. इटलीत एका व्यक्तीसाठी साधारणतः 80 ते 100 ग्रॅम कोरडा पास्ता धरतात. जे लोक पास्त्यालाच पूर्ण जेवण समजतात त्यांना हे प्रमाण कमी वाटते, आणि जे क्रमाने सर्व मागवतात त्यांची भूक सेकोंदो येईपर्यंत संपलेली असते. माझ्या अनुभवात दोघांसाठी सर्वांत जमणारी रचना अशी: एक अंतिपास्तो दोघांत, प्रत्येकाला स्वतंत्र प्रीमो, एक सेकोंदो दोघांत एका कोंतोर्नोसह, आणि शेवटी एक गोड पदार्थ दोन चमच्यांसह. यात चवही भरपूर कळते आणि बोलायला वेळही मिळतो, कारण प्रत्येक टप्प्यानंतर स्वयंपाकघर थोडी उसंत देते.

पदार्थ वाटून खाणे अशा ठिकाणी शोभते का?

शोभते, मात्र ते मागवतानाच सांगावे. 'हा पदार्थ आम्ही दोघांत घेणार आहोत' असे म्हटले की चांगल्या रेस्टॉरंटमध्ये तो स्वयंपाकघरातच दोन ताटांत लावून आणतात. एकमेकांच्या ताटात काटा घालण्यापेक्षा ते नीटनेटके दिसते आणि दोघांनाही गरम पदार्थ मिळतो. चव पाहायला दिलेला एखादा घास ही मात्र मैत्रीतली सहज गोष्ट आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

रिसोत्तोपुढे 'किमान दोघांसाठी' असे का लिहिलेले असते?

कारण तो आधी करून ठेवता येत नाही. रिसोत्तोसाठी कार्नारोली, आर्बोरिओ किंवा व्हियालोने नानो या जातींचा पिष्टमय तांदूळ लागतो. तो लोण्यात किंवा तेलात परतून त्यात गरम स्टॉक थोडाथोडा घालत, हलवत, साधारण 16 ते 18 मिनिटे शिजवतात. दाण्यातले पिष्ट हळूहळू सुटून रसाला दाटपणा येतो, पण दाण्याचा गाभा थोडा टणकच राहतो. शेवटी आच बंद करून थंड लोणी आणि किसलेले चीज घालून तो जोरात घोटतात. या कृतीला 'मांतेकातुरा' म्हणतात. नीट जमलेला रिसोत्तो ताटात ढिगासारखा उभा राहत नाही, तो लाटेसारखा पसरतो. ताट तिरके केले की तो हळूच वाहतो, आणि इटालियन लोक त्याला 'आल्लोन्दा', म्हणजे लाटेसारखा, असेच म्हणतात.

एकाच माणसापुरत्या तांदळात ही आच आणि ओल सांभाळणे अवघड असते, शिवाय एका ताटासाठी एक स्वयंपाकी वीस मिनिटे अडकून पडतो. म्हणून दोघांची अट. दोघांना रिसोत्तो आवडत असेल तर ही अट म्हणजे चांगलीच खूण आहे, कारण तो आपल्यासाठी त्याच वेळी केला जाणार, असा तिचा अर्थ होतो. आल्यावर मात्र तो थांबवून ठेवू नये. कडेचा भाग आधी निवतो, म्हणून कडेकडून आत खात जावे. एखाद्या गंभीर विषयाला तोंड फोडायचे असेल तर रिसोत्तो संपेपर्यंत थांबावे, असे मी मनापासून सुचवेन.

माझी मैत्रीण शाकाहारी आहे. मेन्यूवर भाज्यांचे पदार्थ पुष्कळ दिसतात. तरी काही विचारावे लागेल का?

विचारावेच लागेल, आणि सविस्तर विचारावे लागेल. या एका प्रश्नाकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो आहे. नावात आणि वर्णनात मांसाचा उल्लेख नसलेल्या पदार्थांतही प्राणिजन्य घटक असू शकतात, आणि त्यात फसवणूक कोणाचीच नसते; ती त्या पदार्थांची मूळ रीतच असते.

पहिली गोष्ट चीज. पार्मिजानो रेज्जानो हे चीज युरोपीय संघाच्या संरक्षित नामांकनाखाली येते, आणि त्याच्या नियमांनुसार ते वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेट या विकराने दूध विरजूनच करावे लागते. म्हणजे खऱ्या पार्मिजानो रेज्जानोचा शाकाहारी प्रकार असूच शकत नाही. ग्राना पादानोमध्येही प्राणिज रेनेट असते आणि पेकोरिनो रोमानोसाठी कोकराचे रेनेट वापरतात. ज्या शाकाहारी व्यक्तीला रेनेट चालत नाही तिच्यासाठी पास्ता, रिसोत्तो, पेस्तो (बेसिलच्या पानांचा वाटलेला सॉस) आणि अनेक सॅलड या सगळ्यांविषयीच हा प्रश्न उभा राहतो. वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटची कठीण चीज बाजारात असतात. ती स्वयंपाकघरात आहेत का, हे टेबल बुक करतानाच विचारावे. मास्कारपोने हे मऊ चीज मात्र आम्लाने साय दाट करून तयार होते, त्यात रेनेट लागत नाही.

दुसरी गोष्ट स्टॉक. भोपळ्याचा किंवा मशरूमचा रिसोत्तोसुद्धा मांसाच्या स्टॉकमध्ये शिजवलेला असू शकतो. केशराचा सुंदर पिवळा रंग असलेला मिलानी पद्धतीचा रिसोत्तो तर परंपरेने बैलाच्या हाडातली मज्जा घालून करतात. आमच्या एका जेवणात माझ्या मैत्रिणीने मोठ्या आनंदाने मशरूमचा रिसोत्तो मागवला, अर्धे ताट संपले, आणि सहज विचारल्यावर स्टॉक गोमांसाचा असल्याचे कळले. वाढणाऱ्याने मनापासून माफी मागितली, पण तिच्या चेहऱ्यावरचा विरस मला अजून आठवतो. आधी विचारणे माझे काम होते, कारण मी तिला बोलावले होते. त्या दिवसापासून हा प्रश्न आम्ही फोनवरच विचारतो.

तिसरी गोष्ट छोट्या मासोळ्या. अँकोव्ही नावाची खारवलेली मासोळी तेलात विरघळून दिसेनाशी होते आणि फक्त चवीपुरती उरते. दक्षिणेकडच्या अनेक भाज्यांत आणि सॉसमध्ये ती असते. पुट्टानेस्का सॉसमध्ये टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपर्स (खारवलेल्या छोट्या कळ्या) दिसतात, मासोळी दिसत नाही. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्येही ती बहुधा असते. (हे सॅलड मुळात इटलीतले नव्हे, इटालियन स्थलांतरित सीझर कार्दीनी यांच्या मेक्सिकोतील तिहुआना येथील रेस्टॉरंटशी आणि 1924 या वर्षाशी त्याचा उगम जोडला जातो.)

गोड पदार्थांतही सावध राहावे. पान्ना कोत्ता हा सायीचा थंड पदार्थ जिलेटिनने, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या घटकाने, जमवतात. तिरामिसू या कॉफी आणि मास्कारपोनेच्या पदार्थामध्ये अंडी, बहुतेकदा कच्ची, असतात आणि पुष्कळदा मद्यही घातलेले असते. अंडे न खाणाऱ्यांनी ताज्या पास्त्याबद्दलही विचारावे: एमिलिया-रोमान्या भागातली ताल्यातेल्ले किंवा राव्हिओली यांची कणीक अंड्यांत मळतात, तर स्पॅगेटीसारखा कोरडा पास्ता सामान्यतः ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो. म्हणून अंडे वर्ज्य असणाऱ्याला कोरडा पास्ता अधिक सुरक्षित असतो, जरी मेन्यूवर 'ताजा' हा शब्द जास्त आकर्षक वाटत असला तरी.

ॲलर्जी असेल तर?

ॲलर्जी आणि नावड या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात. नावडीला ॲलर्जी म्हटले तर स्वयंपाकघर विनाकारण धावपळ करते, आणि पुढच्या वेळी खऱ्या ॲलर्जीकडे कोणी कमी लक्ष देण्याचा धोका वाढतो. युरोपीय संघाच्या 2011 च्या नियमानुसार 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. त्यात ग्लुटेनयुक्त (गव्हातल्या चिकट प्रथिनाची) धान्ये, अंडी, दूध, मासे, शेंगदाणे, झाडावरची कवचफळे, सोया, सेलरी, मोहरी, तीळ इत्यादी येतात. असा नियम जेथे नाही तेथेही चांगले रेस्टॉरंट विचारल्यावर हीच माहिती देते. पेस्तोमध्ये पाइनच्या बिया असतात, काही ठिकाणी त्याऐवजी अक्रोड किंवा काजू वापरतात, हे विशेष लक्षात ठेवावे. ग्लुटेन नसलेला पास्ता मिळाला तरी तो उकळण्याचे पाणी वेगळे आहे का, हा प्रश्न सीलिअ‍ॅक आजार (ज्यात ग्लुटेन अजिबात चालत नाही) असणाऱ्याच्या मित्राने न लाजता विचारावा.

पदार्थांची नावे चुकीची उच्चारली जातील या भीतीने बोट दाखवून मागवावे का?

बोट दाखवून मागवण्यात गैर काहीच नाही. परंतु इटालियन उच्चार नियमबद्ध आहेत आणि देवनागरीत ते जवळजवळ जसेच्या तसे लिहिता येतात, त्यामुळे मराठी वाचकाला ते शिकणे फार सोपे आहे. रोमन लिपीतले सी आणि एच एकत्र आले तर उच्चार 'क' होतो, म्हणून ब्रुस्केत्ता आणि कियांती. सीच्या पुढे ई किंवा आय आला तर 'च' होतो, आणि तो 'चहा'तला च असतो, 'चमचा'तला नव्हे. म्हणून फोकाच्चा, चाबात्ता. जी आणि एन मिळून 'न्य' होतो: न्योक्की. जी, एल आणि आय मिळून 'ल्य' होतो: ताल्यातेल्ले. जोडाक्षरावर आपण 'सत्ता' म्हणताना देतो तसा आघात द्यावा. एवढे पुरते. मित्राचा उच्चार चुकला तर टेबलावर तो सुधारू नये. वाढणाऱ्याला पदार्थ कळलेला असतो.

स्पॅगेटी खाताना चमच्याचा आधार घ्यावा का, आणि ती कापावी का?

कापू नये. काट्यात तीन-चार तंतू घेऊन ताटाच्या कडेला टेकवून काटा फिरवला की बेताचा घास तयार होतो. इटलीत मोठी माणसे त्यासाठी चमचा वापरत नाहीत. सुरुवातीला घास मोठा होतो, कारण आपण एकदम फार तंतू उचलतो. तरीही चमचा घेतल्याशिवाय मित्राला जमत नसेल तर त्याने चमचा घ्यावा. डाग न पडता, न संकोचता जेवणे जास्त महत्त्वाचे.

पास्ता दाताला किंचित टणक लागला तर तो कच्चा समजू नये. 'अल देन्ते' म्हणजे शब्दशः 'दाताला', आणि तो तसाच अपेक्षित असतो. समुद्री पदार्थांच्या पास्त्यावर चीज सहसा देत नाहीत, कारण चीजच्या तीव्र चवीखाली शिंपल्यांची नाजूक चव दबते. कार्बोनारामध्ये साय नसते, हेही येथे सांगून ठेवतो: अंडी, पेकोरिनो, मिरी आणि ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचे मुरवलेले मांस, यांच्यातूनच त्याला तो मऊपणा येतो.

वाढणारा टेबलाशी येऊन ट्रफल किसून देऊ का, असे विचारतो. काय उत्तर द्यावे?

आधी किंमत विचारावी. यात लाजण्यासारखे खरोखरच काही नाही. पांढरे ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी बुरशी आहे, तिची व्यवस्थित लागवड करणे फार अवघड असल्यामुळे ती प्रामुख्याने रानात कुत्र्यांच्या मदतीने शोधली जाते, आणि पिएमोंते प्रांतातील आल्बा हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. तिचा हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन हिवाळ्यात संपतो. ती शिजवत नाहीत, कारण उष्णतेने तिचा सुगंध उडून जातो. साध्या लोण्याच्या पास्त्यावर किंवा अंड्यावर पातळ काप करून घालतात आणि ग्रॅमवर तिचे पैसे लावतात. चार-पाच ग्रॅमनेही बिल बरेच वाढू शकते. 'किती ग्रॅमला किती पडतील?' हा प्रश्न वाढणाऱ्याला रोजचाच असतो.

हंगाम नसताना मेन्यूवर ट्रफलचा दरवळ असलेले पदार्थ दिसले तर तो वास बहुधा ट्रफल तेलाचा असतो, आणि बाजारातली बरीचशी ट्रफल तेले कृत्रिम सुगंधाने बनवलेली असतात. अशा पदार्थासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वजनावर किंमत ठरणारे आणखी दोन पदार्थ म्हणजे अख्खा मासा आणि 'बिस्तेक्का आल्ला फियोरेंतिना' हा फ्लॉरेन्सचा जाड टी-बोन स्टेक. मेन्यूवरची किंमत अनेकदा 100 ग्रॅमची असते, तर स्टेक एक किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतो. शिजवण्यापूर्वी वजन सांगायला लावावे. हा स्टेक आतून लालसरच वाढतात. पूर्ण शिजलेले मांस आवडणाऱ्याने दुसरे काही निवडावे.

वाईनमधले दोघांनाही काही कळत नाही. यादी पाहून काय करावे?

यादी वाढणाऱ्याला किंवा सोमेलिएला, म्हणजे रेस्टॉरंटमधल्या वाईनच्या जाणकाराला, परत द्यावी आणि तीन गोष्टी सांगाव्यात: काय मागवले आहे, कोणती चव आवडते, आणि किती खर्च करायचा आहे. रक्कम मोठ्याने बोलायची नसेल तर यादीतल्या एखाद्या किमतीवर बोट ठेवून 'साधारण अशा प्रकारची' असे म्हणावे. जाणकार सोमेलिए ती खूण ओळखतो. एका बाटलीत 750 मिलिलिटर वाईन असते, म्हणजे 150 मिलिलिटरचे पाच पेले. दोघांना एक बाटली पुष्कळ होते. एकाला मासा आणि दुसऱ्याला मांस हवे असेल तर पेल्यावर मागवणे जास्त सोयीचे.

लेबलावरची 'डीओसीजी' ही अक्षरे इटलीतील सर्वांत वरची नियंत्रित श्रेणी दाखवतात. बारोलो ही पिएमोंतेतील नेब्बिओलो द्राक्षांची वाईन, ब्रुनेल्लो ही तोस्कानातील मोंताल्चिनोच्या सांजोव्हेसे द्राक्षांची. दोन्ही या श्रेणीत 1980 मध्ये आल्या. बारोलोला बाजारात येण्यापूर्वी किमान 38 महिने मुरवावे लागते, त्यामुळे तिची किंमत जास्त असते. परंतु श्रेणी म्हणजे आवडीची हमी नव्हे. जड, तुरट बारोलो हलक्या माशाबरोबर दोन्हींची चव बिघडवते, आणि कमी किमतीची, त्याच प्रदेशातली साधी वाईन त्या प्रदेशाच्या पदार्थाबरोबर अनेकदा उत्तम जुळते.

बाटली उघडल्यावर पेल्यात घोटभर ओततात तो दोष तपासण्यासाठी. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचातून दोष उतरला आहे, हे समजावे आणि तसे सांगावे. चांगले रेस्टॉरंट बाटली बदलून देते. वाईन निर्दोष असून केवळ आवडली नाही, तर मात्र ती परत करता येत नाही.

माझा मित्र मद्य घेत नाही. मी घेतले तर चालेल का?

त्यालाच विचारावे, आणि त्याचे उत्तर काहीही असो, त्याच्या न पिण्याचे कारण विचारू नये. त्याच्यासाठी रेस्टॉरंटमध्ये मद्यविरहित कोणते पेय आहे, याची चौकशी आपणच करावी. चिनोत्तो या कडवट संत्रावर्गीय फळाचे पेय किंवा साधे बुडबुड्यांचे पाणीसुद्धा जेवणाबरोबर चांगले लागते. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. बिल अर्धे-अर्धे करायचे असेल तर वाईनचे पैसे आधी बाजूला काढावेत. आणि सॉस किंवा तिरामिसूमध्ये मद्य आहे का, हे त्याच्या वतीने विचारावे.

पदार्थ बिघडलेला किंवा चुकीचा आला तर मित्रासमोर तक्रार करावी का?

करावी, पण लवकर आणि हळू आवाजात. दोन घासांनंतर सांगितले तर स्वयंपाकघर तो बदलू शकते. ताट संपल्यावर सांगण्याला अर्थ उरत नाही. दोष ताटातल्या पदार्थाचा सांगावा, वाढणाऱ्या माणसाचा नव्हे. मित्राचा पदार्थ बिघडला असेल आणि तो भिडेपोटी गप्प बसला असेल तर त्याला विचारून आपण बोलावे. दुसरे ताट येईपर्यंत आपलाही पदार्थ निवेल, याची तयारी ठेवावी, किंवा आपल्यातले अर्धे त्याला द्यावे.

फोटो काढावेत का?

एखादा काढावा, फ्लॅश न वापरता, आणि फोन परत खिशात ठेवावा.

जेवणानंतर कापुचिनो मागवला तर हसतील का?

कोणी हसू नये, आणि चांगल्या ठिकाणी हसतही नाहीत. इटलीत कापुचिनो सकाळचे पेय मानतात, कारण भरल्या पोटावर एवढे दूध जड होते असे तेथे समजतात. जेवणानंतर तेथे एस्प्रेसो घेतात, तोही गोड पदार्थ संपल्यावर. दुधाची सवय असलेल्याने माक्कियातो मागवावा, म्हणजे एस्प्रेसोवर दुधाचा थोडासा ठिपका. आमारो किंवा लिमोनचेल्लोसारखे पाचक म्हणून घेतले जाणारे मद्य समोर आणून ठेवले तर ते बिलात धरले आहे का, हे सहज विचारून घ्यावे.

बिलावर 'कोपेर्तो' असा शब्द दिसला. ती टिप असते का?

नाही. कोपेर्तो म्हणजे टेबल, पाव आणि मांडणी यासाठी माणशी लावलेली ठराविक रक्कम, आणि इटलीत ती मेन्यूवर छापलेली असते. 'सेर्व्हित्सिओ' म्हणजे सेवाशुल्क. ते लावलेले असेल तर वेगळ्या टिपेची गरज राहत नाही. टिपेची रीत देशोदेशी वेगळी आहे: इटलीत ती ऐच्छिक असते, तर अमेरिकेत न देणे हा वाढणाऱ्यावर अन्याय समजला जातो. बिल ज्याला द्यायचे आहे त्याने ते आल्यावर शांतपणे उचलून तपासावे. जास्तीचे ट्रफल, पाणी आणि वजनावरचे पदार्थ एकदा पाहून घ्यावेत. पाहुणा म्हणून गेलेल्याने रक्कम डोकावून पाहू नये आणि ओढाताणही करू नये. 'पुढच्या वेळी मी बोलावणार' एवढे म्हणावे, आणि खरोखर बोलवावे.

बराच वेळ झाला तरी बिल आणून देत नाहीत. ही हेळसांड आहे का?

बहुधा नाही. इटालियन रीतीत पाहुण्याने मागितल्याशिवाय बिल टेबलावर ठेवणे म्हणजे त्याला उठायला सांगणे, म्हणून ते आणत नाहीत. 'इल कोंतो, पेर फाव्होरे' असे म्हटले की बिल येते. तोवरचा वेळ आपलाच असतो. आमच्या वर्षातल्या त्या एका जेवणात कितीतरी महत्त्वाचे बोलणे रिकाम्या कॉफीच्या कपांसमोर झाले आहे. तिने नोकरी सोडण्याचा निर्णय मला प्रथम तेथेच सांगितला होता, आणि तेव्हा शेजारची सगळी टेबले रिकामी झालेली होती. रेस्टॉरंट बंद होण्याची वेळ आली असेल, किंवा टेबल ठरावीक वेळासाठीच मिळालेले असेल, तर मात्र दहा मिनिटे आधी बिल मागवावे आणि राहिलेले बोलणे चालता चालता पुरे करावे.